क्रोमच्या पाठीला काळं

गेल्या अंकात रिमोटच्या गाड्यांच्या लेक्सनच्या, म्हणजे पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिकच्या, पारदर्शक बॉड्या आतून कशा रंगवायच्या ते लिहिलं आणि शेवटी ‘क्रोमचं पुढे कधीतरी’ म्हणून अंग काढून घेतलं. वाचकांनी ते चालू दिलं नाही. पत्रं आली ती जवळपास सगळी क्रोमचीच, आणि निम्म्याअधिक जणांचा बंपर राखाडी झालेला. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : १:१० मापाची, १९६६च्या फोर्ड मस्टँगची लेक्सन बॉडी आणली. बंपर आणि ग्रिलची चौकट क्रोम करायची म्हणून मिरर क्रोमचा महागडा कॅन मागवला. आतून दोन भरपूर कोट दिले. आतून बघितलं तर अगदी आरसा. अर्ध्या तासानं त्यावर काळा मारला. बाहेरची संरक्षक फिल्म काढली तर बंपर राखाडी, जस्ताच्या बादलीसारखा. रंगच खराब निघाला का? आणि हे आता पुसून काढता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रंगाला दोष देऊ नका, हात सढळ पडला. ‘दोन भरपूर कोट’ हे तुमचेच शब्द. चोर तिथंच सापडला.

मी भोसरीच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं प्लेटिंगच्या कामात काढली. मोटारसायकलींची हँडलं, सायलेन्सर, क्वचित एखाद्या हौशी माणसाच्या जुन्या गाडीचा बंपर. कामावर नवा आलेला पोरगा हमखास विचारायचा, ‘काका, क्रोम किती जाड द्यायचं?’ क्रोम जवळजवळ नसतंच, हे त्याला सांगून पटायचं नाही. लोखंडाला आधी बफ मारायचा, म्हणजे घासून चकचकीत करायचं, मग निकेलचा दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर द्यायचा आणि सगळ्यात वर क्रोम, तेही अर्ध्या मायक्रॉनच्या आत. आरसा असतो तो बफचा आणि निकेलचा. क्रोम त्याला निळसर, थंड झाक देतं आणि निकेल पिवळं पडू देत नाही, एवढंच त्याचं काम. कल्हईवाला आठवा. कथील लावतो चिमूटभर आणि कापसाच्या बोळ्यानं पुसत पसरतो. जास्त लावलं तर भांड्याला गाठी येतात.

तुमच्या कॅनमध्ये तर क्रोम नावालाही नाही. आहेत त्या ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पापुद्र्या, पुष्कळशा सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवात, तरंगणाऱ्या. त्या प्लॅस्टिकवर सपाट पडल्या की आरसा होतो, उभ्या-आडव्या पडल्या की तुमची बादली. पापड वाळत घालताना आपण एकेक सुटा पसरतो. सगळी परात एकदम पालथी केली तर जे होईल ते ओल्या, जाड कोटात होतं. त्यात सॉल्व्हंट बराच वेळ ओला राहिला की पॉलीकार्बोनेटलाही थोडं चावतो, म्हणजे पापुद्र्या जिथं टेकायच्या ती जमीनच खरबरीत होते. आतून तुम्हाला जो आरसा दिसला तो शेवटच्या थराचा वरचा पृष्ठभाग. बाहेरून दिसणार होता पहिला थर, आणि तो बिघडलेला होता. लेक्सनच्या कामात ही फसगत सगळ्यांची होते. आपण नाटक विंगेतून बघत असतो, प्रेक्षक समोर बसलेला असतो.

मग पातळ द्यायचं म्हणजे किती? मी असं करतो. बॉडी भांडी घासायच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करतो, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा आत असतो. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवतो, म्हणजे फवारा बारीक येतो. वीत-सव्वा वीत अंतरावरून, हात न थांबवता, नुसती धूळ बसावी तसा पहिला हात. इतका कमी की ‘हे काय लावलं’ असं वाटावं. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हातानंतर बॉडी पेटलेल्या बल्बसमोर धरायची. बल्ब धुक्यातल्या सूर्यासारखा अंधुक दिसायला लागला की थांबायचं. दिसेनासा होईपर्यंत मारत बसायचं नाही. एअरब्रश असेल तर ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची नोझल आणि हवेचा दाब बारा-पंधरा पीएसआय.

उरलेलं काम काळा करतो. रात्रीच्या एस.टी.त बसल्यावर खिडकीत आपलंच तोंड दिसतं, दिवसा त्याच काचेतून उसाचे मळे दिसतात. काच तीच, रात्री फक्त मागे अंधार असतो. पातळ क्रोममधून थोडा उजेड आरपार जातो. मागे पांढरं किंवा चंदेरी असेल तर तो तिथून परत येऊन आरशात दूध मिसळतो. मागे काळं असेल तर तो तिथंच गिळला जातो, आणि पुढून परतलेलं प्रतिबिंब तेवढं उरतं. त्यामुळे काळा हवाच, पण तोही धुळीसारखाच मारायचा. ओला मारला तर त्याचं सॉल्व्हंट मागून शिरून जमलेल्या पापुद्र्या हलवतं. तुम्ही अर्धा तास थांबलात. मी रात्रभर थांबतो. क्रोमचा रंग बनवणाऱ्या काही कंपन्या त्याच्या पाठीला द्यायचा काळा वेगळा विकतात. तो मिळाला तर तोच घ्या.

तुमच्या पत्रावर तारीख जुलैची आहे. भर पावसात कॅन मारला की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा तिथं बसतो आणि रंग दुधाळ होतो. गणपती जाऊ द्या, मग क्रोमला हात घाला.

आता पुसून काढण्याचं. त्या फंदात पडू नका. माझ्या पुतण्याची शेवरले कॅमॅरो गाडीची बॉडी होती. घाईत बाहेरची फिल्म आधीच सोलून ठेवली, लाल रंगाचे शिंतोडे बॉनेटवर उडाले, आणि मी शहाण्यासारखा चिंधीवर थिनर घेऊन पुसायला बसलो. शिंतोडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. थिनर आणि ॲसिटोन हे पॉलीकार्बोनेटचे वैरी. पुतण्या काही बोलला नाही, पण ती बॉडी अजून त्याच्या कपाटावर समोरच ठेवलेली असते. तुमचा राखाडी बंपर तसाच राहू द्या आणि त्यावर बाहेरून चिकट पाठीची पातळ धातूची फॉइल लावा. कसं, ते पुढे एडिसनच्या वाचकाला सांगितलं आहे.

प्रश्न : ग्रिलमधल्या क्रोमच्या आडव्या दांड्या आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी कशा करायच्या? दांडी जेमतेम एक मिलिमीटरची आहे. टेप कापून लावताना वेड लागायची पाळी आली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टेप सोडा, लिक्विड मास्क घ्या. रबरासारखं वाळणारं ते पातळ द्रव असतं. ग्रिलसकट सगळ्या बॉडीला आतून ब्रशनं तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक वेळी दुधाळपणा जाऊन ते पारदर्शक होऊ द्यायचं. एकच हात दिला तर सोलताना तुकडे पडतात आणि त्या वेळी तोंडातून जे निघतं ते छापता येत नाही. मग दांड्यांच्या कडेनं कापून फक्त दांड्यांवरचं मास्क सोलायचं. फटींवरचं राहू द्यायचं. क्रोमचे पातळ हात द्यायचे. दुसऱ्या दिवशी फटींवरचं सोलायचं आणि सगळ्या ग्रिलवर काळा मारायचा. तोच काळा फटीत फट म्हणून दिसतो आणि दांडीमागे तिची पाठ होतो. एका हातात दोन कामं. बाकीच्या बॉडीवरचं मास्क मात्र काळा वाळेपर्यंत हलवायचं नाही. गाडीचा मुख्य रंग सगळ्यात शेवटी, मग तो पांढरा असला तरी मागच्या काळ्यावरून बिनधास्त जाऊ दे, पुढून दिसणार नाही.

कापण्यासाठी मेडिकलच्या दुकानात ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं. एका ग्रिलला दोन ब्लेडं गेली तरी कंजुषी करू नका. बोथट ब्लेडवर आपण नकळत जोर देतो आणि ते मास्कखालच्या लेक्सनमध्ये उतरतं. लेक्सन कापायची पद्धत काय असते? पात्यानं रेघ ओढायची आणि वाकवायची, तिथून ते सरळ तुटतं. म्हणजे मास्क कापताना खोल गेलेली प्रत्येक रेघ ही आधीच आखून ठेवलेली फट. पहिल्याच कठड्यावर गाडी आदळली की ग्रिल दांडीच्या रेषेत फाटते. ब्लेडचं वजन पडेल तेवढंच पडू द्यायचं. साच्यातच दांडीच्या कडेला खाच असते, पातं तिथं आपोआप सापडतं. डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटांना शोधू द्या.

प्रश्न : माझ्या मुलानं (वय १३) फोक्सवॅगन बीटलची बॉडी रंगवायला घेतली आहे. क्रोमच्या कॅनची किंमत ऐकून मी नाही म्हटलं. घरात पॉलीकार्बोनेटचा साधा चंदेरी, ‘स्मोक’ (धुरकट, आरपार दिसणारा गडद रंग) आणि काळा असे तीन कॅन आहेत. त्यात भागेल का? आणि बाल्कनीत रंग मारला तरी घरभर वास येतो. काही अपाय?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, भागेल. खरं सांगायचं तर रोज धावणाऱ्या गाडीला मी स्वतः महागडं क्रोम लावत नाही. दहा फुटांवरून, धुळीतून जाणाऱ्या गाडीचा बंपर आरसा आहे की चंदेरी, हे पंचालासुद्धा कळत नाही.

चिरंजीवांना रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या बुलेटचा सायलेन्सर बघून यायला सांगा. वरचा अर्धा भाग उजळ, कारण त्यात आभाळ असतं. खालचा गडद, कारण त्यात रस्ता असतो. मध्ये एक ठळक रेघ. डोळ्याला क्रोम ओळखू येतं ते या रेघेवरून. बीटलचा बंपर गोलसर आहे, त्यावर हे छान बसतं. बंपर सोडून सगळं झाका. बंपरचा वरचा अर्धा टेपनं झाकून खालच्या अर्ध्यावर आतून स्मोकचा अगदी हलका हात. टेप काढा आणि पूर्ण बंपरवर चंदेरी. आतून रंगवतोय, म्हणून पहिला मारलेला रंग पुढे दिसतो. स्मोक आधी, चंदेरी नंतर. हे उलटं झालं तर स्मोक मागे लपतो आणि मेहनत वाया. चंदेरीच्या मागे काळा. शेवटी बाहेरची फिल्म काढल्यावर, बंपर जिथं बॉडीला मिळतो तिथं काळ्या पर्मनंट मार्करची केसाएवढी रेघ. त्या रेघेनं चंदेरी दुप्पट उजळ दिसतो.

वासाचं गंमतीवारी नेऊ नका. आमच्या धंद्यात क्रोमच्या टाकीशेजारी वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडायची. तिथं ते क्रोमिक ॲसिडचं धुकं होतं. तुमच्या कॅनमध्ये ते नाही, पण सॉल्व्हंटची वाफ आहे आणि तीही फुप्फुसाला परकीच. कापडी मास्क तिला अडवत नाही. पेंटर वापरतात तो कार्बन फिल्टरचा मास्क आणा आणि मुलाच्या तोंडावर तो घट्ट बसतो का ते बघा. बसत नसेल तर स्प्रे तुम्ही मारा, मास्किंग त्याला करू दे. खरी कला मास्किंगमध्येच आहे, असंही त्याला सांगा. बाल्कनीचं दार लावून घ्या. देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातला गॅस तेवढा वेळ बंद. ही वाफ पेट घेते.

प्रश्न : १९५७च्या शेवरले बेल एअरच्या धर्तीची बॉडी आहे, दारावरून मागच्या पंखापर्यंत जाणारी क्रोमची लांब पट्टी करायची आहे. बेअर मेटल फॉइल की क्रोम मार्कर? वर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) द्यायचं का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : लांब आणि सरळ पट्टीला फॉइल, लहान गोष्टींना मार्कर. दोन्ही बाहेरून, सगळं आतलं काम संपून फिल्म निघाल्यावर.

फॉइल पट्टीपेक्षा दुप्पट रुंद कापून घ्या आणि मधून कडेकडे कापसाच्या काडीनं दाबत न्या, मग उठावाच्या कडेनं नव्या ब्लेडनं कापून जास्तीची सोला. वरच्या नाशिकच्या उत्तरातला ब्लेडचा इशारा इथंही लागू, कारण इथंही खाली लेक्सनच आहे. लेक्सन लवचिक आहे, फॉइल नाही. चाकाच्या कमानीपाशी बॉडी जिथं हातात घेतल्यावर वाकते तिथून पट्टी नेली तर महिन्याभरात सुरकुत्या पडतील. ती गाडी कपाटात ठेवणार असाल तर प्रश्न नाही. पळवणार असाल तर तेवढा तुकडा वेगळा लावा, म्हणजे बदलता येतो.

मार्करनं हेडलाइटच्या कड्या, दाराची मूठ, कुलूप. मोलोटो कंपनीचा ‘लिक्विड क्रोम’ मार्कर १, २ आणि ४ मिलिमीटरच्या टोकांत मिळतो. एकदाच, भरून ओढायचं आणि दोन दिवस बोट लावायचं नाही. ओलं असताना पुन्हा फिरवलं की राखाडी. लॅकर देऊ नका. कितीही हलका दिला तरी आरसा मावळतो. ज्याला हात लागणारच आहे, त्या जागी बाहेरून क्रोम करूच नये, आतून करावं. आतल्या क्रोमला एक मिलिमीटरचं पॉलीकार्बोनेट पांघरूण म्हणून मिळालेलंच असतं.

प्रश्न : माझ्या वडिलांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. त्यांच्या पंचाहत्तरीला त्या टॅक्सीची रिमोटवर चालणारी प्रतिकृती द्यायची आहे. पद्मिनीची लेक्सन बॉडी कुठं मिळेल? आणि तिचं क्रोम कसं करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तयार बॉडी माझ्या बघण्यात नाही. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि घरातला फूटरूल घेऊन बसलो.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं इथं बनवलेली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. दहानं भागलं तर २३४. तामिया कंपनीच्या रिमोट गाड्यांच्या ‘एम-चासी’ या लहान सांगाड्याचं एक माप २३९ आहे. पाच मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. रुंदीत मात्र अडचण आहे. खरी पद्मिनी अरुंद, १:१० मध्ये साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते, आणि चासी त्याहून दीडेक सेंटिमीटर रुंद. चाकं कमानीबाहेर येतील. त्यामुळे साचा रुंदीत थोडा फुगवा. टॅक्सी जराशी धष्टपुष्ट दिसेल, तेही वाईट नाही.

साचा सागाच्या किंवा एमडीएफच्या ठोकळ्यातून कोरून व्हॅक्यूम फॉर्मिंगवाल्याकडे, म्हणजे तापवलेली प्लॅस्टिकची शीट साच्यावर ओढून आकार देणाऱ्याकडे, न्यायचा. चॉकलेटचे ट्रे बनवणारे लोक हे काम करतात. ते बहुधा पीईटीजी या दुसऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकची शीट पुढे करतील. पॉलीकार्बोनेट हवेतला ओलावा शोषतं, भट्टीत काही तास वाळवल्याशिवाय तापवलं तर आत बुडबुडे येतात, म्हणून ते त्याला कंटाळतात. वाढदिवसाच्या गाडीला पीईटीजी चालेल. ती शर्यतीत आपटायची नाही. रंग मात्र त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर आधी मारून बघा.

काळी-पिवळीला रंगाचा क्रम फार सोयीचा आहे. खालचं अंग काळं, छप्पर पिवळं. आधी क्रोम: बंपर, ग्रिल, हेडलाइटच्या कड्या. मग काळा मारायचा, तो बॉडीचा रंगही होतो आणि क्रोमची पाठही. सगळ्यात शेवटी छपराचं मास्क सोलून पिवळा, आणि पिवळ्यामागे पांढरा, नाहीतर पिवळा फिका, आजारी दिसतो. क्रोम करताना थोडं मन घट्ट करा आणि सगळीकडे आरसा करू नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं उभी राहिलेली टॅक्सी होती ती. मागच्या बंपरला क्रोमऐवजी साधा चंदेरी आणि त्यावर एखादा स्मोकचा डाग, वडील लगेच ओळखतील. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर फोटो आले होते. ते काढून समोर लावा, आठवणीवर विसंबू नका.

चाकांचं राहिलं. चाकं कडक प्लॅस्टिकची, बाहेरून रंगवायची, म्हणून तिथं सगळा क्रम उलटा. आधी चकचकीत काळा, तो पूर्ण वाळला की त्यावर क्रोमचे पातळ हात. हबकॅप (चाकाच्या मध्यावरच्या टोप्या) चारही करायच्या की तीनच, हे आधी वडिलांना सहज गप्पांत विचारून घ्या. टॅक्सीच्या चारही हबकॅप शाबूत असलेल्या मी तरी फारशा पाहिल्या नाहीत.